तुझ्याबद्दल कोण सांगेल?

गुरु., ९ जाने. (होस्टेल, उल्हासनगर)

आज कॉलेजात प्लेसमेंटचं ट्रेनिंग. बाहेरून एक सर आले होते. हॉलमध्ये पंखे बंद, तरी अंगात कोट. एकेकाला उभं करून एकच प्रश्न, इंग्रजीत: स्वतःबद्दल सांगा.

माझा नंबर आला. चांगुणा निर्गुडे, टीवाय बीएस्सी, केमिस्ट्री. राहणार मोहवाडी, बदलापूरच्या पुढे डोंगराकडे. बापाचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. संपलं. सर म्हणाले, "और?" और काही नव्हतं.

"बेटा, अपने आप को बेचना सीखो. सामनेवाला क्यों खरीदेगा?"

खाली बसले. कान गरम. माझ्या शेजारी भाविका, तिच्या पप्पांचं इथेच उल्हासनगर कॅम्पात कपड्यांचं दुकान आहे. तिने फडाफडा सांगितलं. मी मेहनती, मी लीडर, मला सगळ्यांना घेऊन चालता येतं. खोटं नव्हतं त्यात काही, आहेच ती तशी. पण आमच्या वाडीत कोणी स्वतःबद्दल असं बोलायला लागलं तर लोक आधी कपाळाला हात लावून ताप बघतील.

शुक्र., १० जाने.

सुगंधाला सांगितलं कालचं. सुगंधा माझी रूममेट. कातकरी, मुरबाडकडची. बीए करते आणि वनरक्षक भरतीसाठी रोज पहाटे ग्राउंडला पळते. म्हणाली, "माझं बरंय बाबा. मी कशी आहे ते घड्याळ सांगतं, मला तोंड उघडायला नको." मग जरा वेळाने, केसांना तेल लावता लावता, "पण भरती नाही झाली तर माझं पण तेच आहे गं."

डोकं दुखतंय. ऑरगॅनिकचं जर्नल राहिलंय.

शनि., १८ जाने.

नवीन वर्ग सुरू झाला. बॉटनीच्या वैशाली मॅडम, यंदाच लागल्यात, स्वतः महादेव कोळी, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या. त्यांनी आम्हा आदिवासी पोरापोरींना दर शनिवारी बोलावलंय, नोकरीच्या तयारीसाठी. बॉटनीच्या लॅबमध्ये, शेवाळाच्या बाटल्या बाजूला सारून बसायचं. माझ्यासारखे ठाकर आहेत, कातकरी आहेत, शहापूरकडचे दोन वारली. शेवटच्या बाकावर सुगंधा, ट्रॅकपँटमध्येच.

वाटलं, पुन्हा तोच प्रश्न येणार. आला नाही. मॅडम म्हणाल्या, "समजा तुम्ही इथे नाही आहात. बाहेर गेलात. तर तुमच्याबद्दल इथे बसून कोण चांगलं सांगेल? आणि काय सांगेल?"

जो तो मनात कोणाला तरी शोधायला लागला.

मी म्हटलं, आय सांगेल. काय सांगेल ते माहीत नाही. आमच्यात तोंडावर सांगत नाहीत.

"मग विचारून ये," म्हणाल्या.

आणखी एक म्हणाल्या ते लिहून ठेवते. आधी घरच्या बोलीत सांगायचं, मग मराठीत, मग इंग्रजीत. भिंती उभ्या नसताना पत्रे टाकायला जायचं नाही.

रवि., २६ जाने. (मोहवाडी)

झेंडा झाल्यावर घरी आले. आय पांढऱ्या वालाच्या शेंगा सोलत होती. तिच्याशेजारी बसून सांगितलं, मार्चमध्ये अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतली एक औषधाची कंपनी मुलं घेणार आहे, लॅबमध्ये. आमच्या वर्गातून नावं गेलीत. माझं पण गेलंय.

बा अंगणात दोरी वळत होता. हात थांबले.

"आनंदनगरला नाय."

"लॅब आहे बा. डोक्यावर काही उचलायचं नाही."

"त्या गेटात नाय जायाचं म्हंगालो ना."

उठून गेला. दोरी तशीच अर्धी.

आय बोलायला लागली तेव्हा शेंगा संपत आल्या होत्या. मी लहान असताना बा आनंदनगरला मजुरीसाठी नाक्यावर उभा राहायचा. सकाळी मुकादम यायचे. कोणाला आत घ्यायचं ते ठरवायला दंड दाबून बघायचे. एकदा एकाने बाचा दंड दाबला आणि हसत पुढे गेला. दुसरा घेतला. बा घरी आला, जेवला नाही, नंतर कधीच गेला नाही. शेतावर जे होईल ते. हे मला आज कळलं. एवढी वर्षं मी समजत होते, बाला शहर आवडत नाही.

ट्रेनिंगच्या सरांचं वाक्य आठवलं, बेचना सीखो. आयला नाही सांगितलं.

विचारायचं ते राहूनच गेलं.

शनि., १ फेब्रु.

वै.मॅ.ना सांगितलं, घरून नाही म्हणतायत. का ते पण सांगितलं. मॅडमनी पटवायचे उपाय वगैरे काही सांगितले नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, १५ तारखेला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावतेय. परीक्षा घ्यायला.

कोणाची?

"तुमची. समोर घरची माणसं बसतील. त्यांनी प्रश्न विचारायचे. कंपनीवाल्यांना नंतर बघू."

सुगंधा म्हणाली, माझा मामा येईल, तो एकच प्रश्न विचारेल, लग्न कधी. सगळे हसलो. मॅडम पण. म्हणाल्या, "विचारू दे. कंपनीत पण फिरवून तेच विचारतात. उत्तर तयार असलेलं बरं."

शनि., १५ फेब्रु.

सविस्तर लिहिते. विसरायचं नाही.

आय आली. हिरवं लुगडं, लग्नात धवळे म्हणायला जाते तेव्हाचं. (आमच्याकडे लग्न लागताना धवळे म्हणतात, देवांना आणि वाडवडलांना बोलवायची गाणी. चार वाड्यांत आयला बोलवणं असतं.) बा पण आला. तो येईल असं वाटलंच नव्हतं. पण वर आला नाही. खाली सायकल स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसला. "मी हितंच बरा."

माझी पाळी. समोर आय, सुगंधाचा मामा, शहापूरच्या एका पोराचे आजोबा. मॅडमनी आयला विचारलं, "मावशी, ही मुलगी कशी आहे? आम्हाला माहीत नाही असं समजा."

आय माझ्याकडे बघेना. पदर नीट केला, मॅडमकडे बघत सांगायला लागली. तिच्या शब्दांत जमेल तसं:

"ही नववीला व्हती. आश्रमशाळंतून सुट्टीला आल्याली. त्या साली वाडीत समद्यांना जुलाब लागलं, हिरीचं पाणी बाटलं. हिनं पाणी उकळलं, दोन हंडं येगळं मांडलं, उकळल्याल्या पाण्याच्या हंड्याला चुन्याची रेघ मारली. रेघंच्या हंड्यात कोणी पेला बुडवायाचा नाय. हिचा थोरला चुलता आला, वाडीतला मानाचा माणूस. पेला घिऊन वाकला. ही हंड्याला आडवी. म्हंगाली, काका, नाय. तो तापला. म्हंगाला, चार बुकं शिकली म्हून मला अडवतीस. तरी ही हालली नाय. मंग मी वरून वतून दिलं त्याला."

थांबली. मग हळूच, "मला लाज वाटली व्हती तवा. चार माणसांत. पर त्या हंड्याचं पाणी पिऊन कोण पडलं नाय."

मला तो दिवस आठवत होता, पण काकाच्या शिव्यांपुरता. आय तो दिवस असा जपून ठेवून होती, हे कुठे माहीत होतं.

मग सुगंधाचा मामा म्हणाला, "लगीन कवा हिचं?" सगळे इतके हसले की शेवाळाची एक बाटली पडता पडता राहिली.

मॅडमनी आयला आणखी एक विचारलं. चार वाड्यांची माणसं समोर बसलेली असतात, पहिला धवळा म्हणायच्या आधी भीती नाही वाटत?

आय म्हणाली, "वाटती की. मंग मी आधी बघून घेते कोण कोण बसलंय. कोण दमून आलंय, कोणाच्या घरात औंदा मयत झालंय. आपल्यासाठी नाय ना म्हणायचं, त्यांच्यासाठी म्हणायचं. मंग आवाज निघतो."

मॅडम वहीत लिहायलाच विसरल्या.

खाली आलो तर बाच्या शेजारी चहाचे दोन रिकामे कप. मॅडम मध्येच खाली येऊन त्याच्याजवळ बसून गेल्या होत्या म्हणे. काय बोलणं झालं विचारलं, तर "काय नाय. तिच्या गावच्या पावसाचं सांगत व्हती." एवढंच.

सोम., २४ फेब्रु.

चुन्याच्या रेघेची गोष्ट इंग्रजीत बसवतेय. चुना म्हणजे लाइम, ते तर केमिस्ट्रीच. पण 'काका, नाय' याचं इंग्रजी होत नाही. नो अंकल म्हटलं की सिनेमातलं वाटतं. सु. म्हणते, तेवढं मराठीत ठेव, समजायचं त्याला समजेल.

सोम., ३ मार्च

उद्या इंटरव्ह्यू. घरी फोन केला. आयला म्हटलं, मी जाऊन येते फक्त. पुढचं पुढे. पाठीमागून बाचा आवाज आला, "कितीला पोचायचं हाय?" दहाला. आयनेच फोन ठेवला.

मंगळ., ४ मार्च

अंबरनाथ स्टेशनच्या बाहेर, पूर्वेला, बा उभा. पांढरा सदरा, टोपी. मी काही विचारायच्या आत, "रस्ता मला म्हाईत हाय."

रिक्षा केली. आनंदनगरला उतरलो. कंपनीच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे, चहाची टपरी होती, तिथे थांबला. माझ्या ओढणीला काही तरी लागलं होतं, ते झटकलं. "जा."

आत दोघं होते. एक एचआरचे सर आणि लॅबच्या प्रमुख, लालवानी मॅडम. उल्हासनगरच्याच असाव्यात, बोलण्यावरून. चष्मा डोक्यावर, बोटाला कसला तरी पिवळा डाग. आधी टायट्रेशन, इंडिकेटर, बफर. ते आलं. मग सरांनी तो प्रश्न टाकला, स्वतःबद्दल सांगा.

मी आधी दोघांकडे बघून घेतलं. सर सकाळपासून तेच तेच ऐकून कंटाळले होते. पेन उघडझाप, उघडझाप. मॅडमचा चहा गार झाला होता, साय धरलेली.

म्हटलं, सर, माझी आई माझ्याबद्दल जे सांगते ते सांगते. इंग्रजीत सुरू केलं. दोनदा अडखळले. 'काका, नाय' मराठीतच म्हटलं. पेन थांबलं. लालवानी मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"और फिर? काका ने पिया?"

"पिया. आईने वरून ओतून दिलं."

मग सर म्हणाले, "आप लोगों में छुट्टी बहुत लेते हैं ना? शादी, त्योहार..."

यावर वर्गात खूप वेळा बोललो होतो. सगळ्यांचं म्हणणं, नाही घेणार म्हणून टाकायचं. वै.मॅ.नी ठरवून दिलं नव्हतं. मी म्हटलं, "होळीला घरी जाते मी. आणि घरचं लग्न असलं तर आईच्या मागे धवळे धरायला मी लागते. आधी सांगून जाईन आणि सांगितलेल्या दिवशी परत येईन."

सरांनी काहीतरी लिहिलं. तोंड बघून कळलं, बरं नाही लिहिलं.

शेवटी, तुला काही विचारायचंय का. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, प्रमोशनचं विचारा, शिकायला काय मिळेल ते विचारा. मी म्हटलं, "माझ्या घरच्यांना एकदा आत येऊन लॅब बघता येईल का? माझ्या वडिलांनी इथली फक्त गेटं बघितलीत."

सर म्हणाले, असा रूल नाही. लालवानी मॅडमनी चष्मा पुन्हा डोक्यावर चढवला.

बाहेर आले. बाने विचारलं, "दाबून बघितलं का?"

थट्टा होती की नव्हती, कळलं नाही. म्हटलं, "नाही बा. खुर्ची दिली." त्याने मान हलवली. टपरीवाल्याला माझ्यासाठी चहा सांगितला.

बुध., ५ मार्च

भाविकाने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "पागल है क्या? छुट्टीचं खरं कोण सांगतं?" आमच्या केमिस्ट्रीच्या वर्गातून तीसुद्धा गेली होती. तिचा इंटरव्ह्यू मस्त झालाय. होऊ दे तिला, मनापासून. मला मात्र आज कशातच लक्ष लागेना. प्रॅक्टिकलला ब्युरेटची तोटी उघडी राहिली.

सु.ची ग्राउंड टेस्ट पुढे ढकलली. ती रागाने आणखी पळतेय.

शुक्र., १४ मार्च (मोहवाडी)

काल होळी. पोरं, बाया, सगळे नाचले. बा ढोल धरून होता, मी लहान असताना धरायचा तसा. नोकरीचा विषय कोणी काढला नाही. आज आयबरोबर बसून धवळ्याच्या दोन नव्या ओळी घेतल्या. चुलत्याच्या पोरीचं लग्न मेमध्ये आहे. चुलता म्हणजे तोच, हंड्यावाला. तो येऊन ऐकत बसला. म्हणाला, "आवाज बरा हाय. घाबरू नको." गेला.

सोम., १७ मार्च

फोन आला. लेक्चर चालू होतं, बाहेर जाऊन घेतला. लालवानी मॅडम स्वतः.

झालं माझं. भाविकाचं पण झालं. परीक्षा संपली की जॉइन व्हायचं. हो की नाही ते पुढच्या मंगळवारपर्यंत सांगायचं.

मग म्हणाल्या, "और सुनो. शुक्रवारी कंपनी बंद असते. मी हिशेब बघायला येते. आई-वडिलांना घेऊन ये. दहा मिनिटं, काचेच्या बाहेरून. साहेबांना मी सांगते."

मी थँक्यू म्हणायच्या आत, "माझ्या पहिल्या दिवशी माझे पप्पा आले होते सोडायला. घरी गेलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत गेटवर बसून होते. मला नंतर वॉचमनने सांगितलं."

वै.मॅ.कडे पळत गेले. त्यांचं लेक्चर चालू. दारातून तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. फळ्याकडे वळल्या, पण खडू काही चालेना.

शुक्र., २१ मार्च

आय नाही आली, शेळी व्यायला झाली होती. बा आला.

गेटवर वॉचमनने नाव विचारलं, लिहून घेतलं, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला घातला. बाने तो हाताने धरूनच ठेवला, आतून बाहेर येईपर्यंत. चालताना कपड्यांना कशाचा स्पर्श होऊ नये असा अंग चोरून चालत होता.

लॅबच्या काचेशी थांबलो. आत सगळं बंद, झाकलेलं. लालवानी मॅडमनी एक स्टूल दाखवलं, खिडकीजवळचं. "चांगुणा यहाँ बैठेगी."

बा खूप वेळ बघत राहिला. मग पॅसेजच्या टोकाला खिडकी होती तिथे गेला. मी पण गेले. खाली रस्ता, आणि रस्त्याच्या वळणावर सावलीला बसलेली माणसं, डबे घेऊन. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

"त्यो नाका," बा म्हणाला. बस.

परत येऊन मॅडमसमोर उभा राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं, शब्द जुळत नव्हते. मॅडम थांबल्या. घाई केली नाही.

"हिला कोन वरडलं तर?"

मॅडमना बोली कळली नसेल म्हणून मी सांगायला गेले, पण त्यांना कळलं होतं. "मी ओरडेन," त्या म्हणाल्या. "काम चुकलं तर. खोटं नाही सांगत. बाकी कोणी ओरडलं तर तिने मला सांगायचं."

बाने मान हलवली. हात जोडले. मॅडमनी पण जोडले, पिवळा डाग अजून होताच.

रिक्षात मी वाट बघत होते, आता बोलेल. पालेगावच्या नव्या बिल्डिंगी येऊन गेल्या. मग बोलला. "बाई खरं बोलली." मी पुढे विचारलं नाही.

रवि., २३ मार्च (मोहवाडी)

शेळीला दोन पिल्लं. एक पांढरं, एक तांबडं.

आयला म्हटलं, परवा मंगळवार. फोन करून सांगावं लागेल. बा काही बोलत नाही. आय म्हणाली, "त्याला बोलायला येळ लागतो. मला पसंत केलं तवा बी म्हयनाभर गप व्हता."

"आणि मेमधल्या लग्नाचं? जॉइन झाल्यावर लगेच रजा मागायची?"

"तू सांगितलंस ना त्यांना आधीच."

"सांगितलंय. देतील की नाही ते नाही माहीत."

"नाय दिली तर मी येकटी म्हणंन," म्हणाली. तोंड दुसरीकडे. आवाज जरा बसलाय तिचा या वर्षी. मी ऐकून घेतलं. काही कबूल केलं नाही, तिनेही मागितलं नाही.

आता बा दारात बसलाय. मी इथे आत लिहितेय, तांबडं पिल्लू वहीचा कोपरा चघळतंय. मघाशी बाने तिथूनच विचारलं, माझ्याकडे न बघता,

"पावसात टमटम वर येत नाय. मंग काय करशील?"

म्हटलं, खाली बदलापूरला, शिरगावात खोली बघेन, सुगंधाबरोबर. तिचं पण परीक्षा संपली की होस्टेल सुटणार.

वाटलं, झालं, उठून जाईल.

"शिरगावात पानी कसं हाय?"

मला माहीत नाही. म्हटलं, उद्या विचारून सांगते.